चिलीहून आलेली पपईची बरणी

वाचकाचं पत्र (जागेपुरतं आवरून) :

"ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही वाळपईजवळ राहतो. घरचं कुळागर आहे. माड, पोफळी, थोडी मिरी. माझा धाकटा भाऊ बोटीवर तारवटी आहे. गेल्या महिन्यात सुट्टीवर आला तो चिली देशातल्या कोकिंबो बंदरातून पपईची एक काचेची बरणी घेऊन. पाकातल्या पिवळ्याधमक लहान लहान पपया, अख्ख्याच्या अख्ख्या. तिकडे तिला नुसतं पपईच म्हणतात, पण ती आपली नव्हे, डोंगरातली वेगळी जात, असं तो सांगतो. ताजं फळ ठेवलं तर त्याची सगळी केबिन घमघमली, पण कापून खाल्लं तर चवीला काहीच नाही. त्याच्याच बिया त्याने कागदात वाळवून आणल्यात. 'तिकडेही समुद्रकाठीच होते, आपल्या कुळागरात लाव' म्हणतो.

बरणी अजून उघडलेली नाही. यजमानांना आठ वर्षं मधुमेह आहे. त्यांना कुणीतरी फोनवर जाहिरात पाठवली : डोंगरी पपईची पावडर, साखर उतरते, सांधे मोकळे होतात, प्लेटलेट वाढतात, महिन्याच्या डब्याला अडीच हजार. सुनेला पाचवा महिना आहे, तिला बरणीतली खावीशी वाटते. सासूबाई म्हणतात, या घरात आता पपईचं नावही काढायचं नाही. सून नर्स आहे, आधीच हातमोज्यांनी तिचे हात खाजतात, त्यात हे रोजचे वाद. बरणीवर काळं आठ कोनांचं चिन्ह आहे ते कसलं? पावडर घेऊ का? आणि बिया लावू की नको?"

– एक वाचक, सत्तरी

ताई,

तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यापाशी मी थांबले. सुनेचे हात हातमोज्यांनी खाजतात. बाकी सगळ्यावर सावकाश बोलू, पण हे आधी.

इस्पितळातले जुन्या पद्धतीचे हातमोजे रबराच्या चिकापासून बनतात. त्या चिकातल्या काही प्रथिनांची ज्यांना अ‍ॅलर्जी असते, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ठरावीक फळंही सोसत नाहीत. केळं, अ‍ॅव्होकॅडो, किवी, चेस्टनट आणि पपई ही त्यातली नेहमीची नावं. रबर आणि ही फळं यांच्यात एकसारखी दिसणारी प्रथिनं असतात आणि शरीर त्यांच्यात गल्लत करतं. खाल्ल्यावर तोंडात खाज, ओठ सुजणं, अंगावर पित्त उठणं इथपासून धाप लागेपर्यंत काहीही होऊ शकतं. आता तिला तेच असेल असं मी म्हणत नाही. दिवसभर घामेजल्या हातमोज्यांत हात राहिले, वरचेवर साबणाने धुतले, तर साधी त्वचाही खाजते, आणि बहुतेकांच्या खाजेचं कारण तेवढंच असतं. पण कोणतं कारण आहे हे घरात बसून ठरवता येत नाही आणि पाचव्या महिन्यात प्रयोग करून तर मुळीच बघायचं नाही. तिला त्वचेच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे पाठवा. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, त्वचारोग विभाग आहे. ती हातमोज्यांबद्दल सांगेलच, पण केळं खाल्ल्यावर तोंडाला काही होतं का, हेही सांगायला लावा. वॉर्डात तिने नायट्राइलचे, म्हणजे रबराचा चीक नसलेले, हातमोजे मागून घ्यावेत. निकाल येईपर्यंत तिने पपई खाऊ नये, बरणीतलीही नाही आणि परसातलीही नाही. शिजवल्यावर ही प्रथिनं बरीच मोडतात, पण सगळ्यांची सगळी मोडतात याची हमी नसते.

म्हणजे सासूबाईंचा शब्द आज तरी राहिला. त्यांचं कारण मात्र वेगळं आहे आणि त्यात तथ्य किती, तेही सांगायला हवं, कारण उद्या तपासणीत अ‍ॅलर्जी नाही असं निघालं तर तुम्ही पुन्हा त्याच वादापाशी याल.

२००२ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकी हीच समजूत तपासली. गाभण उंदरांच्या माद्यांना पिकलेल्या पपईचा रस दिला, तर काही बिघडलं नाही. पण कच्च्या पपईचा चीक गर्भाशयाच्या स्नायूंवर टाकला तेव्हा ते जोरात आकसले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, तरी आपल्या आज्यांनी बांधलेली गाठ कुठे पक्की आहे हे त्यातून दिसतं : धोका चिकात आहे, आणि चीक कच्च्या-अर्धकच्च्या फळात असतो. पूर्ण पिकलं की तो जवळजवळ आटतो. म्हणून कच्च्या पपईची भाजी, खतखत्यातल्या फोडी, कोशिंबीर हे सगळं सुनेने बाळंत होईपर्यंत बाजूला ठेवावं, बिया तर नकोतच. अ‍ॅलर्जी नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तर पिकून, शिजून बरणीत आलेल्या फळाची एखादी फोड तिने खाल्ल्याने घाबरण्यासारखं काही नाही. फक्त गरोदरपणातल्या साखरेची चाचणी साधारण २४ ते २८ आठवड्यांत होते, ती तिची जवळ आलीय. पाक चाटत बसू नये एवढं बघा.

आता फळाकडे येते. मला या फळाचं मनापासून कौतुक आहे.

तुमच्या भावाने आणलं त्याचं शास्त्रीय नाव व्हास्कॉन्सेलिया प्यूबेसेन्स. पूर्वी त्याला आपल्या पपईच्याच, म्हणजे कॅरिका या प्रजातीत धरत. २००० साली ते वेगळं काढलं. मूळ घर दक्षिण अमेरिकेतले अँडीज पर्वत, व्हेनेझुएला-कोलंबियापासून खाली बोलिव्हिया-चिलीपर्यंत, साधारण दीड ते तीन हजार मीटर उंचीवर. फळ वीतभरही नसतं, अंगावर पाच ठळक धारा, सालीला आणि गराला पिवळा रंग. इंडोनेशियात जावा बेटावर दिएंग नावाचं दोन हजार मीटर उंचीचं पठार आहे, तिथेही ते रुजलंय. तिथे त्याला 'कारिका' म्हणतात आणि पाकात घालून पर्यटकांना विकतात. आपल्याकडे नीलगिरी आणि कोडाईकनालच्या डोंगरांत ही झाडं दिसतात.

भावाला जो अनुभव आला, केबिनभर वास आणि तोंडात काहीच नाही, तो अगदी खरा आहे. फळ पिकू लागलं की त्यातून इथिलीन वायू सुटतो, आणि त्याच्या इशाऱ्यावर गरातली अल्कोहोलं आणि आम्लं जोडून एस्टर नावाची संयुगं तयार होतात. केळ्याला आणि अननसाला वास येतो तो याच घराण्यातल्या संयुगांमुळे. चिलीतल्या ताल्का विद्यापीठात हे जोडकाम करणारं जनुकच शोधून काढलंय. नाकाला एस्टर पुरतात, पण जिभेला साखर आणि आंबटपणा लागतो, आणि या फळात साखर आपल्या पपईपेक्षा बरीच कमी. त्यामुळे सुगंध वचन देतो आणि जीभ रिकामी राहते. तिथल्या बायकांनी त्यावर उपाय काढला तो साखरेच्या पाकाचा. फळाचा गर घट्ट असतो, उकळल्यावरही आकार सोडत नाही, म्हणून अख्खी पपई बरणीत उभी राहते. आपली पिकली पपई अशी उकळली तर लापशी होईल. एस्टर मात्र उडून जाणारे असतात; उघड्या पातेल्यात फार वेळ रटरटवलं की वास स्वयंपाकघरात आणि फळ पुन्हा निर्गंध. दिएंगमध्ये बियांभोवतीचा बुळबुळीत, वासाचा गर गाळून पाकात मिसळतात, तो त्यासाठीच. असल्या युक्त्या पाहिल्या की मला फार आनंद होतो.

शिजवण्याचं दुसरं कारण चीक. तो मी हाताने ओळखते.

खाद्यतंत्राचं शिक्षण संपवून मी पहिली नोकरी धरली ती टूटीफ्रूटी करणाऱ्या एका लहान कारखान्यात. टूटीफ्रूटी म्हणजे कच्ची पपईच, हे तुम्हाला ठाऊक असेल. सकाळी सहाला पपयांचे ढीग पडत आणि पंधरा-वीस बायका खाली बसून साल काढत. हिरव्या सालीवर सुरी फिरली की तिच्यामागे पांढऱ्या थेंबांची ओळ उठायची, जशी कोऱ्या कापडावर टीप घालावी तशी. दोन-तीन सेकंदांत थेंब एकमेकांत मिसळून ओघळ व्हायचा, आणि मनगटापर्यंत पोचेतो दह्यासारखा गोठायचा. बायका हाताला खोबरेल चोळून बसत. तरी दुपारपर्यंत बोटांची टोकं गुलाबी, गुळगुळीत व्हायची, कातडीवरच्या रेषा पुसट व्हायच्या, मिठाचा हात लागला की आग. हातमोजे मागितले तर मालक म्हणाले, मोज्यांनी कामाचा वेग कमी होतो. मी नवी होते, गप्प बसले. ते मला अजून सलतं.

त्या चिकात पपेन आणि त्याची भावंडं असलेली विकरं, म्हणजे एन्झाइमं, असतात. त्यांचं काम प्रथिनं कापणं. आपण सुक्या मटणाला कच्च्या पपईचा कीस लावतो, तेव्हा तीच मांसाचे धागे तोडतात. त्या बायकांच्या बोटांवर तेच चाललं होतं. आणि डोंगरी पपईच्या चिकात ही कापण्याची ताकद आपल्या पपईच्या चिकापेक्षा कितीतरी पट जास्त असते. कच्च्या डोंगरी पपईने ओठ चुरचुरतात ते उगाच नव्हे.

घरी बघायचं असेल तर सोपं आहे. दोन वाट्यांत कोमट दूध घ्या. एकीत कच्च्या पपईचा चमचाभर कीस टाका, दुसरीत तुमच्या बरणीतली एक फोड कुस्करून. अर्ध्या तासाने पहिल्या वाटीतलं दूध फाटलेलं दिसेल आणि जिभेला कडू लागेल. दुसरीतलं गोडच राहील. दुधातल्या प्रथिनाचे असे बारीक तुकडे पडतात, की त्यातले काही जिभेला कडू लागतात. पपईचं शिकरण करून ठेवलं की जेवायला बसेपर्यंत कडू का होतं, त्याचंही उत्तर हेच. बरणीतली फोड उकळलेली असते, तिच्यातली विकरं मेलेली असतात, म्हणून ती काही करत नाही. बरणीतल्या पपईने 'पचन सुधारतं' असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर ही दुसरी वाटी आठवा.

यजमानांचं बोलू. ते काळं अष्टकोनी चिन्ह चिली सरकारचं आहे. जून २०१६पासून तिथे कायदाच आहे, की साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा उष्मांक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले तर पाकिटावर तसा काळा शिक्का छापायचा. तुमच्या बरणीवर त्याच्या पोटात 'आल्तो एन असुकारेस' असं लिहिलेलं असणार, म्हणजे साखर जास्त. घरात किंवा शेजारी कुणी पोर्तुगीज काळात शाळेत गेलेलं असेल, तर त्यांना दाखवा. 'आसूकार' हा शब्द ओळखायला त्यांना क्षणही लागणार नाही.

ताजं डोंगरी फळ मधुमेह्याला चाललं असतं, साखर कमीच असते त्याच्यात. तुमच्याकडे आलंय ते पाकातलं. पाक धुऊन टाकला तर चालेल का, असं पुष्कळ जण विचारतात. वरचा पाक जाईल, आतला नाही. पाकात ठेवलेल्या फळातून पाणी बाहेर येतं आणि साखर आत शिरते, दोन्हीकडे सारखी होईपर्यंत. महिनोन्महिने बरणीत राहिलेल्या फोडीच्या गाभ्यापर्यंत ती पोचलेली असते. मागच्या तक्त्यात १०० ग्रॅमला साखर किती ते बघा. समजा २० लिहिलं असेल, तर ५० ग्रॅमच्या फोडीत १० ग्रॅम साखर झाली, म्हणजे दोन चमचे. जेवणानंतर, त्या दिवशीचं दुसरं गोड वगळून, एक लहान फोड त्यांनी चवीपुरती खावी. मेहुण्याने एवढ्या लांबून आणलंय, त्याचा मान राहील. रोजचं फळ म्हणून नको.

रोजचं फळ तुमच्या परसातच उभं आहे. आपल्या पिकल्या पपईत १०० ग्रॅमला साधारण ४३ कॅलरी, ८ ग्रॅमच्या आसपास साखर आणि ६० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. आयसीएमआरच्या २०२०च्या शिफारशीनुसार मोठ्या पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं, बाईला ६५. दीडशे ग्रॅमच्या वाटीत तेवढं मिळून जातं, आणि साखर साधारण १२ ग्रॅम जाते. ती डॉक्टरांनी आखून दिलेल्या आहारात बसवून घ्यायची. लालसर गराची असेल तर त्यात टोमॅटोतलं लायकोपीनही असतं, जे पिवळ्या डोंगरी पपईत तुम्ही शोधायला जाऊ नये.

पावडर घेऊ नका.

एवढ्यावर थांबले असते, पण यजमानांना पटायला हवं, म्हणून सविस्तर लिहिते. त्यांना हा भाग वाचून दाखवा.

जाहिरातीत 'संशोधनाने सिद्ध' असं असणार. संशोधन खरंच आहे. चिलीत या फळातली क्वेर्सेटिनच्या गटातली फिनॉलिक संयुगं मोजली आहेत, वाळवण्याच्या कोणत्या रीतीने ती किती टिकतात हेही पाहिलंय. पण ही मोजमापं काचेच्या नळीतली आहेत. अर्क एका रंगीत द्रवात टाकायचा, रंग किती उतरतो ते पाहायचं आणि त्याला अँटिऑक्सिडंट शक्ती म्हणायचं. ते संयुग आतड्यातून रक्तात किती शिरतं, यकृत त्याचं काय करतं, याबद्दल ती नळी काही सांगत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशाच आकड्यांची मोठी यादी प्रसिद्ध केली होती. २०१२ साली त्यांनी ती स्वतःहून काढून टाकली, कारण या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीशी संबंध दाखवता येत नव्हता आणि विकणारे मात्र ते डब्यांवर छापत होते. चाचणीनळीतून माणसाच्या साखरेवर उडी मारायला मधे फार मोठी दरी आहे. ती ओलांडल्याचं यजमानांच्या जाहिरातीत कुठे दिसतं का, ते त्यांनाच शोधू द्या.

सांध्यांचं म्हणाल, तर पपईच्या चिकातली विकरं औषध म्हणून वापरून झाली आहेत. कायमोपपेन नावाचं विकर शुद्ध करून ते मणक्याच्या सरकलेल्या चकतीत टोचायचं, म्हणजे चकती मऊ होऊन नसेवरचा दाब कमी होतो, अशी उपचारपद्धत होती. अमेरिकेत १९८२ साली तिला मान्यता मिळाली. अनेकांना गुण आला, पण काहींना जीवघेणी अ‍ॅलर्जी झाली, काहींच्या मज्जासंस्थेला इजा झाली, आणि २००३ साली तिथली विक्री थांबली. जखमेवर लावायची पपेनची मलमं होती. परवानगीशिवाय विकली जाणारी तसली मलमं बाजारातून काढण्याचा आदेश तिथल्या औषध प्रशासनाने २००८ साली दिला. दुसरीकडे ब्राझीलमध्ये या डोंगरी पपईच्याच चिकातून एक भाग वेगळा काढून, तो जखमा भरून येण्यासाठी उपयोगी पडेल का, यावर वर्षानुवर्षं चिकाटीने काम चाललंय. मला त्यातून खरंच आशा वाटते. पण ते चिकातून शुद्ध करून, मोजून घेतलेलं प्रथिन आहे, कातडीवर लावायचं. कोण्या एका डब्यातली, पोटात घ्यायची पावडर म्हणजे ते नव्हे. पोटातून घेतलेल्या विकराचा जोर जठरातल्या आम्लात बराचसा मोडतो, गुडघ्यापर्यंत ते चालत जात नाही.

प्लेटलेटचा दावा आपल्या पपईच्या पानांवरून उचललाय. पानांच्या रसावर मलेशियात आणि आपल्याकडे काही लहान चाचण्या झाल्या, प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचं त्यात दिसलं. जीव वाचतो असं त्यातून ठरलेलं नाही. आणि ती पानं आहेत, फळ नव्हे, शिवाय दुसऱ्याच झाडाची. पावसाळ्यात आपल्याकडे डेंगी येतोच. ताप आला तर रक्त तपासा, पाणी-पेज पोटात जाऊ द्या, तापाला पॅरासिटामॉल, आणि आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. यजमान रक्त पातळ करणारी वॉर्फरिनसारखी गोळी घेत असतील तर पपईचे अर्क त्यांनी कुठल्याच रूपात घेऊ नयेत. रक्त जास्त पातळ झाल्याच्या नोंदी आहेत.

डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक असेल आणि तो यजमान तुम्हाला दाखवतील. तो अन्नधंद्याचा परवाना आहे. मधुमेह बरा होतो याचा दाखला त्यात कुठेही नाही. उलट १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायलाच बंदी आहे, त्या यादीत मधुमेह आहे. म्हणजे 'साखर उतरते' असं छापणाऱ्याने पहिल्याच ओळीत कायदा मोडलाय. अशा माणसाने डब्यात काय भरलंय, फळ की पान की साधा पपईचा चुरा, यावर मी विश्वास ठेवणार नाही. आणि माझी खरी भीती वेगळीच आहे : पावडर सुरू झाली की हळूच एखादी गोळी चुकते. त्या अडीच हजारांत त्यांची तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी होईल, डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही होईल. आठ वर्षांच्या मधुमेहात तो पडदा दरवर्षी बघायला हवा. शेवटचा कधी बघितला, विचारा त्यांना.

बिया राहिल्या. 'तिकडेही समुद्रकाठीच होते' हे भावाचं म्हणणं खोटं नाही. कोकिंबो आणि शेजारचं ला सेरेना दोन्ही समुद्राला लागूनच आहेत आणि चिलीतल्या या पपईचं तेच माहेर. पण त्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडचा हम्बोल्ट नावाचा थंडगार प्रवाह वाहतो. भर उन्हाळ्यातही दुपारचा पारा तिथे वीस-बावीस अंशांच्या आसपास असतो, हिवाळ्यात रात्री सात-आठवर उतरतो. डोंगरातलं फळ समुद्रकाठी आलं ते डोंगराचा गारवा तिथे मिळाला म्हणून. आपल्या सत्तरीत एप्रिलची दुपार कशी असते, ते मी तुम्हाला काय सांगू. रोप कदाचित उगवेल, पण उन्हाने आणि जूनच्या पाण्याने टिकणार नाही. गोव्यातले उंचात उंच डोंगरही हजार मीटरच्या फारसे वर जात नाहीत.

पण हवा जमली असती तरी मी लावा म्हटलं नसतं. परदेशातून बी आणायला परवाना आणि तपासणी लागते, २००३चा वनस्पती विलगीकरणाचा आदेश आहे. ही नुसती कागदपत्रांची कटकट नव्हे. २००८ साली कोइम्बतूरजवळ पपईवर एक पांढरा पिठ्या ढेकूण दिसला. मूळचा मेक्सिकोकडचा, इथे कसा पोचला ते कुणी पाहिलं नाही. दोन वर्षांत त्याने दक्षिणेतल्या पपईच्या बागाच्या बागा, तुती, टॅपिओका असं समोर येईल ते शोषून वाळवलं. २०१०मध्ये बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी पोर्तो रिकोहून त्याच्या अंगात अंडी घालणारी इवलीशी गांधीलमाशी आणून सोडली, तेव्हा तो आवरला. तो किडा होता, बियांबरोबर कदाचित वेगळंच काही येईल, कदाचित काहीच नाही. तुमच्या कुळागरात पोफळी आणि मिरी आहे, शेजाऱ्यांच्या बागा आहेत. हा जुगार तुम्ही खेळू नका. बियांवर उकळतं पाणी ओता, तासभर तसंच ठेवा आणि मग चुलीत टाका. भावाला वाईट वाटेल, त्याला माझं नाव सांगा.

या बियांचं खरं काम प्रयोगशाळेत आहे. तुमच्या परसातल्या पपईची पानं आक्रसतात, फळांवर गोल गोल वळ्या उमटतात, झाड खुरटतं, असं झालं असेल. तो रिंगस्पॉट नावाचा विषाणू आणि तो मावा पसरवतो. डोंगरी पपई आणि तिची काही भावंडं त्याला दाद देत नाहीत. तो गुण आपल्या पपईत उतरवायचे प्रयत्न भारतातही बरीच वर्षं चालू आहेत. अवघड काम आहे, कारण दोघींचा संकर केला की गर्भ बीजातच मरतो, किंवा झाड आलं तरी वांझ निघतं. कुळागरात नवीन रोप लावायचंच असेल, तर जुने गोव्याच्या आयसीएआरच्या कृषी संशोधन केंद्रात किंवा तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात जाऊन आपल्या हवेतल्या पपईची निरोगी रोपं मागा.

भावाचा मात्र मला अभिमान वाटला. आपली पपईसुद्धा अशीच बोटीने आली आहे. १५८३ साली गोव्यात आर्चबिशपचा कारकून म्हणून आलेला लिन्सखोतेन नावाचा डच माणूस लिहून गेलाय, की हे फळ स्पॅनिशांच्या मुलखातून फिलिपिन्समार्गे मलाक्काला आणि तिथून भारतात आलं. कुणा तारवट्याच्याच गाठोड्यातून आलं असेल. तेव्हा विलगीकरणाचा कायदा नव्हता.

बरणी कशी उघडायची ते सांगते. आधी झाकणाचा मधला भाग बोटाने दाबून बघा. आत ओढलेला, घट्ट असायला हवा. फुगलेला असेल, दाबल्यावर टक् टक् वाजत असेल, किंवा पाक ढगाळ झाला असेल तर न चाखता टाकून द्या. तारीख बघा. ठीक असेल तर कोरड्या चमच्याने फोडी काढा, उरलेली बरणी फ्रीजमध्ये, आणि आठवड्याच्या आत संपवा. झाकण उघडल्या उघडल्या सासूबाईंच्या नाकाशी धरा. त्यांना खायची नसली तरी वास घ्यायला हरकत नाही. फोडी लहान करा, त्यात तुमच्या परसातल्या पिकल्या पपईचे तुकडे दुपटीने मिसळा आणि वर लिंबू पिळा, म्हणजे साखर विभागली जाते आणि त्या फळाला नसलेला आंबटपणा मिळतो. सुनेसाठी वेगळ्या ताटलीत दुसरं एखादं फळ कापा, त्याच सुरीने नको. पाक उरेल तो यजमानांच्या हाती लागू देऊ नका. मुलं जमली की थंड पाण्यात चमचाभर घालून द्या.